विमान तासाभरात, पण घर ते स्टॉल किती तास?

सरस प्रदर्शनाचं बोलावणं आलं की गटात कुणीतरी विचारतंच, "या वेळी विमानानं गेलं तर?" आज तो हिशेब मांडू.

आपल्याला जवळचं विमानतळ चिकलठाण्याचं. तिथून मुंबई सरळ रेषेत सुमारे 280 किलोमीटर; थेट विमान तासाभरात पोचतं. रेल्वे मनमाड, नाशिक, कसारा घाट असा वळसा घेते, म्हणून तेच अंतर पावणेचारशेच्या घरात जातं. पण तिकिटावरचा तास म्हणजे पुरा प्रवास नव्हे. जालन्याहून चिकलठाण्याला दीड तास, उड्डाणाआधी दोन तास हजेरी, उतरल्यावर सामान आणि रिक्षा मिळून दीड तास. बेरीज सहा तास. वंदे भारत सातेक तासांत नेते. वाचला तो तासच.

दिल्लीचं गणित वेगळं. रेल्वेला जवळपास एक दिवस-रात्र लागते, विमानाला दोन तास. मागची-पुढची धावपळ धरूनही सात तासांत पोचतो. जाऊन-येऊन सव्वा-दीड दिवस वाचतो. जिचं लेकरू लहान आहे, जिची रोजंदारी बुडते, तिला एवढ्यानंही जाणं जमू शकतं.

ओझ्याचाही विचार करा. देशातल्या विमानात साधारण 15 किलो सामान आणि हातात 7 किलो. मसाल्याची खोकी आधीच ट्रान्सपोर्टनं पाठवा. हातातल्या पिशवीत तिखट ठेवू नका. तिकिटावरचं नाव आधारकार्डावर आहे तसंच हवं.

बैठकीत आधी घर ते स्टॉल असे तास मोजा, भाडं मांडा, मगच ठराव लिहा.