सांगणारा रुग्ण, विचारणारा सोबती
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला ‘आरोग्य आणि आपण’ असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, आणि माझ्यानंतर मुलांचा सांस्कृतिक कार्यक्रम आहे, त्यांची चुळबुळ मला इथून दिसते. म्हणून त्यातला एकच भाग मी घेते. उपचार नीट व्हावेत यात डॉक्टरचे काम असते, नर्सचे असते, सरकारचे असते. पण जो खाटेवर पडला आहे त्याचे, आणि त्याच्या उशाशी जो बसला आहे त्याचे काही काम असते की नाही? माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली. आपले लोक दवाखान्यात येतात ते हात जोडून येतात आणि हात जोडूनच परत जातात, हे मी रोज पाहिले. मधल्या वेळात ते काहीच बोलत नाहीत. त्याबद्दल मला बोलायचे आहे.

आजारी भिक्खूची गोष्ट तुम्हा सर्वांना माहीत आहे. वर्षावासात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, त्यात ती दरवर्षी येते. तथागत आनंदाला घेऊन भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत होते. एका ठिकाणी हगवण लागलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला दिसला. त्याच्याजवळ कोणी नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून दोघांनी त्याला खाटेवर ठेवले. मग भिक्खूंना एकत्र बोलावून सांगितले की, इथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी.

आपण इथपर्यंत येतो, डोळे पुसतो आणि थांबतो. पण विनयपिटकातल्या महावग्गात ही गोष्ट इथे थांबत नाही. पुढे तथागत अगदी व्यवहाराचे बोलतात. कोणत्या रुग्णाची शुश्रूषा करणे सोपे आणि कोणाची अवघड, ते सांगतात. रुग्णाचे पाच गुण आणि शुश्रूषा करणाऱ्याचे पाच. नर्सिंगच्या शिक्षणात आम्हाला जे जाड पुस्तकांतून शिकवले, त्यातला बराच गाभा त्या दहा गोष्टींत आहे.

रुग्णाने आपल्याला जे मानवते ते करावे. जे मानवते तेही प्रमाणात घ्यावे. औषध घ्यावे. आपल्या भल्यासाठी झटणाऱ्या माणसाला आजार जसा आहे तसा सांगावा, म्हणजे वाढत असेल तर वाढतो आहे, उतरत असेल तर उतरतो आहे, तसाच असेल तर तसाच आहे. आणि पाचवे, दुखणे सोसण्याची तयारी ठेवावी. शुश्रूषा करणाऱ्याला औषध तयार करता यावे, पथ्य काय आणि कुपथ्य काय हे कळावे, त्याने लोभापायी नव्हे तर मैत्रीभावाने करावे, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस करू नये, आणि वेळोवेळी धम्माच्या चार गोष्टी सांगून आजाऱ्याला धीर द्यावा.

आता एक बारकाई पाहा. रुग्णाच्या गुणांत सोसणे पाचवे आहे. खरे सांगणे चौथे आहे. आधी सांगा, मग सोसा. आपल्या लोकांनी सोसणे मात्र धरून ठेवले आणि सांगणे सोडून दिले! पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या बोलण्याला किंमत मिळाली नाही तो माणूस न बोलायला शिकतो, त्याचा दोष मी त्याला देत नाही. पण ही सवय वॉर्डात घात करते.

सकाळी राउंडला मोठे डॉक्टर आले की विचारतात, “काय बाबा, कसं आहे?” आजारी म्हणतो, “बरं आहे साहेब.” डॉक्टर पुढच्या खाटेकडे जातात. राउंड संपला की तोच माणूस आम्हाला म्हणतो, “सिस्टर, रातभर झोप नाही जी, छातीत लय दुखून राह्यलं.” अहो, मग आता साहेबांना का नाही सांगितले? “साहेब घाईत होते.” साहेब घाईत असतातच. त्यांच्या वाट्याला एका रोग्यामागे दोन-तीन मिनिटे येतात. घरच्या माणसाने मात्र त्या आजाऱ्याला चोवीस तास पाहिलेले असते. ते चोवीस तास त्या तीन मिनिटांत पोचले नाहीत तर डॉक्टर कितीही हुशार असो, तो अंधारात औषध देतो.

हे आपल्या वस्तीतल्या आजारावरून सांगते. सिकलसेल. नाव काढले की काही जण मान खाली घालतात, ते मला इथून दिसते आहे. मान खाली घालण्यासारखे त्यात काही नाही. भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या, म्हणजे आपल्या भागातल्या, सिकलसेलबद्दल लिहिले. विदर्भातल्या आदिवासींत आणि आपल्या समाजात त्याचे वाहक पुष्कळ आहेत. कारण पाप नाही, पूर्वजन्म नाही. हिवतापाच्या मुलखात ज्याच्या रक्तात हा गुण एका बाजूने आला तो हिवतापाच्या जिवावरच्या हल्ल्यातून वाचत गेला, म्हणून तो गुण टिकला. आई आणि बाप दोघांकडूनही आला की मात्र आजार होतो.

या आजारात पोराचे हातपाय, पाठ, छाती एकदम दुखायला लागते. हाड मोडल्यासारखे दुखते, पण वरून काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. मग ड्युटीवरचा नवा माणूस म्हणतो, नाटक करतो. मी असे ऐकले आहे आणि त्याच वॉर्डात एका आईचे उत्तरही ऐकले आहे. ती चौथी शिकलेली, धुणीभांडी करणारी. तिने पिशवीतून शाळेची वही काढली आणि म्हणाली, “थो नाटक नाही करून राह्यला जी. हे पाहा, मागल्या दिवाळीत असंच झालतं, तवा हे इंजेक्शन दिलं, सलाईन लावली, रक्त इतकं होतं. अन् कालपासून त्याले तापही आहे.” तारखा होत्या, हिमोग्लोबिनचे आकडे होते. अक्षर वाकडेतिकडे होते. त्या डॉक्टरने वही वाचली, ताप पुन्हा मोजला आणि लगेच सुई लावायला सांगितली. तो वाईट माणूस नव्हता, त्याला माहीत नव्हते. त्याला माहिती दिली ती त्या आईने.

सिकलसेलच्या लहान मुलाला ताप हा साधा ताप नसतो. १०१ च्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, क्रोसिन देऊन झोपवायचे नाही. आणि केसपेपर काढतानाच, खिडकीपाशीच सांगायचे की, पोराला सिकलसेल आहे. मागून सांगितले तर रांगेत दोन तास जातात.

आता दूर देशातली एक गोष्ट सांगते, कारण यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. जमैका म्हणून बेट आहे, वेस्ट इंडीजकडे, क्रिकेटवाल्यांना ठाऊक असेल. तिथेही सिकलसेल फार. तिथल्या लहान मुलांत एक प्रकार व्हायचा. पोटात डावीकडे बरगडीखाली पाणथरी असते, डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात. तिच्यात एकाएकी रक्त साठायचे, पोर पांढरे पडायचे आणि काही तासांत जायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. तिथल्या डॉक्टरांनी काय केले? आयांना शिकवले. डाव्या बरगडीखाली बोटे कशी ठेवायची, पाणथरी नेहमी किती लागते आणि वाढली तर कशी लागते. वाढलेली वाटली की तडक निघायचे. १९८५ साली त्यांनी आकडे छापले. पूर्वी असे १०० प्रसंग झाले तर २९ मुले दगावत होती. आयांना शिकवल्यावर १०० मागे ३. प्रसंगांचा आकडा उलट दुपटीहून वाढला, कारण पूर्वी जे कळतच नव्हते ते आता आया ओळखू लागल्या.

ना मोठी मशीन, ना महागडे औषध. आईची चार बोटे. मात्र नीट ऐका, हे आपल्या मनाने घरी सुरू करायचे नाही, जोरात दाबायचे तर मुळीच नाही. बालरोगाच्या डॉक्टरांना सांगायचे की, मला पाणथरी कशी पाहायची ते दाखवा. ते दाखवतात. विचारले तर आनंदाने दाखवतात, हा माझा अनुभव आहे.

आपल्या नागपुरातही हे काम डॉक्टरांपासूनच सुरू झाले असे नाही. संपत रामटेके यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. डॉक्टर नव्हेत. हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला आणि त्यातून सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे काम उभे केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अपंगांच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, सिकलसेल त्यात नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले आणि थॅलेसेमिया, हिमोफिलियाबरोबर सिकलसेल आला. त्यामागे आजारी मुलांच्या आईबापांनी वर्षानुवर्षे घातलेले हेलपाटे आहेत. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, ७ कोटी लोकांची तपासणी करायची ठरवली. चांगले आहे. पण तपासणीचे कार्ड पत्र्याच्या पेटीत साडीखाली लपवून ठेवले तर त्या तपासणीचा उपयोग काय? लग्न जुळवताना पत्रिका आपण सोडल्या, बाबासाहेबांच्या कृपेने. आता पत्रिकेच्या जागी हे कार्ड पाहा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल आजारी होण्याची असते. लग्न करूच नका असे मी म्हणत नाही. करा, पण कळून करा आणि दिवस राहिले की पहिल्याच महिन्यांत डॉक्टरला सांगा. सासूबाईंनी सुनेला दोष देऊ नये. तो गुण एकट्या आईकडून येऊन आजार होतच नाही, तुमच्या मुलाकडूनही आलेला असतो.

आता विचारण्याबद्दल. काही जण म्हणतात, सिस्टर, विचारले की खेकसतात. खेकसतात, खरे आहे. मी सिस्टर होते म्हणून त्यांची बाजू घेणार नाही. पण साठ खाटांना दोन नर्स असल्या की काय होते तेही मी भोगले आहे. म्हणून घोळका करून चढून जाणे, कॉलर धरणे हा उपाय नाही. त्यासाठी २०१० पासून महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे, आणि त्यात आपलीच पोरे अडकतात. एकाने जावे, शांतपणे विचारावे. हे औषध कशाचे? किती दिवस? रक्त कधी तपासायचे? हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असेल तर रक्ताची तपासणी वेळच्या वेळी व्हावीच लागते, ती राहिली तर तुम्हीच आठवण द्या. गोळी संपली, स्टॉक नाही असे सांगितले तर चिठ्ठीवर तसे लिहून मागा आणि अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

कागद हा आपला हक्क आहे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने पैसे घेणारे दवाखाने ग्राहक कायद्याखाली आणले. मात्र जिथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतात ते त्यातून वगळले. म्हणजे आपण जिथे जातो तिथे ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, नागरिक म्हणून मागावी लागते. २००७ पासून अमरावतीसह पाच जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राची स्वतः तपासणी करून हिरवा, पिवळा, लाल असा शेरा द्यायला सुरुवात केली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडला. मेळघाटातला माणूस उभा राहून बोलू शकतो तर नागपूर शहरातल्या, दीक्षाभूमीच्या छायेत वाढलेल्या माणसाने का बोलू नये?

तथागतांच्या पाच गुणांत एक राहिला. किळस न करणे. आपल्या घरी म्हातारी माणसे आहेत, अंथरुणाला खिळलेली. त्यांचे बहुतेक सुनाच करतात, मुली करतात. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने धुतले, दोघेही पुरुष होते. पुढच्या वेळी दवाखान्यात रात्रीला थांबायची पाळी आली की घरातल्या पुरुषाने एक रात्र थांबावे. थांबला तर त्याला कळेल की आजाऱ्याला केव्हा धाप लागते, केव्हा लघवी कमी होते, आणि सकाळी राउंडला त्यालाही सांगता येईल.

महिला मंडळाने शंभर पेजी वह्या आणून ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी सिकलसेल, शुगर, बीपी, दमा, काहीही कायमचे दुखणे आहे त्यांनी जाताना एकेक घेऊन जावी. पहिल्या पानावर नाव, रक्तगट, आजार, कोणते औषध सोसत नाही ते लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शाळेतली पोरे लिहून देतील, मी दोघा-तिघांना आताच धरून ठेवले आहे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर मी इथेच बसणार आहे. घरातले जुने केसपेपर, रिपोर्ट, एक्स-रे जे काही थैलीत कोंबले असेल ते तसेच घेऊन या, आपण तारखेवार लावू.

नमो बुद्धाय! जयभीम!