वांग, भेगा आणि आपण
(गोंदिया जिल्ह्यातील बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि माझ्या आईच्या वयाच्या मावश्यांनो,

आजचा विषय सांगितला तेव्हा काही जणी हसल्या. मजुरी, दारूबंदी, सातबाऱ्यावर नाव हे सगळं सोडून ही बाई चेहऱ्याच्या क्रीमवर काय बोलणार? समाजकार्याचं शिक्षण घेताना मलाही वाटायचं, की कातडीची निगा हा शहरातल्या रिकाम्या वेळेचा विषय आहे. माझा तो समज एका बाईनं मोडला.

ती पंचेचाळिशीची. पावसाळ्यात रोवणीला जाते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. गालांवर वांगाचे डाग आले. "म्हातारी दिसाले लागली" हे घरात ऐकून ऐकून तिनं कोणाच्या तरी सांगण्यावरून एक ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. काही महिन्यांनी गाल लालभडक, उन्हात आग, हनुवटीवर लव. क्रीम बंद केली की आग वाढायची, म्हणून ती पुन्हा लावायची. मला म्हणाली, "बाई, जन्मात पहिल्यांदा सोतासाठी पैसे खर्च केले, अन् त्याचीच शिक्षा झाली."

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. ते औषध आहे, चेहऱ्याला रोज लावायची वस्तू नव्हे. त्यानं कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती हातोहात मिळतात. कोणी वापरत असेल तर घाबरून एकदम सोडू नका. कातडीच्या डॉक्टरला दाखवा, ते हळूहळू बंद करतील.

दुसरा धोका पाऱ्याचा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी जणींची मूत्रपिंडं बिघडली. तिघी गोरेपणाची एकच क्रीम लावत होत्या, आणि तिच्यात पारा निघाला. आपल्या कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला मनाई आहे. नकळत आला तरी डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडून दहा लाख भागांत एक भाग, एवढीच मुभा. म्हणून ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आणि आत काय आहे हे छापलेलं नाही, ती घरात आणायची नाही.

आता मूळ गोष्ट. चाळिशी-पन्नाशीत कातडीचं होतं काय? पाळी जायच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. कातडीला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे तीस टक्के घटतं. तेल सुटणं कमी होतं, म्हणून कोरडेपणा, खाज, भेगा. हा आजार नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हाच कोरडेपणा योनीमार्गातही येतो. संबंधाच्या वेळी दुखतं, बाई सोसते, बोलत नाही. त्यावर उपचार आहेत. तेही डॉक्टरला सांगायचं.

मग करायचं काय? विसाव्या वर्षी चालत होतं ते आता चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. साबण रोज अंगभर नको. काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता ठेवा. पाणी कोमट. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल, मोहाच्या बियांचं तेल किंवा साधं व्हॅसलिन लावा, म्हणजे ओल आत राहते. लिंबू, टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग उठतात.

वांग आणि सुरकुत्या यांचा मोठा दोषी ऊन आहे. सनस्क्रीन परवडत असेल तर जरूर लावा. नसेल तर डोक्यावर टोपी किंवा दुपट्टा, चेहऱ्यावर पदर, आणि भर दुपारी सावली. पण सावली बाईच्या हातात नसते, ती काम देणाऱ्याच्या हातात असते. म्हणून कामाच्या जागी सावली आणि पाणी मागणं हीसुद्धा कातडीची निगाच आहे.

रोवणीत दिवसभर पाय बांधीतल्या चिखलात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. जाण्याआधी पायांना तेल चोळा, आल्यावर स्वच्छ पाण्यानं धुऊन बेचकी कोरडी करा. भेगांना रात्री व्हॅसलिन लावून जुने सुती मोजे घाला. सगळ्यांचं जेवण वाढून झाल्यावर दहा मिनिटं स्वतःच्या पायांसाठी काढायची.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, आणि तिथे स्पर्श, गरम-गार कळत नसेल, तर तो वयाचा डाग समजून क्रीमखाली झाकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गोळ्या फुकट आहेत, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या, आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर केला तर हातापायांच्या नसा जातात. बाई चट्टा लपवते, कारण तिला नवरा टाकेल ही भीती असते. म्हणून हेही सांगते, की २०१९ च्या कायद्यानं कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलेलं नाही. तसंच न भरणारी जखम, वाढणारा तीळ किंवा अंगभर सतत खाज असेल, तरी थांबू नका.

१९७५ पासून आपल्याला गोरेपणाची एक क्रीम विकली गेली. २०२० मध्ये तिच्या नावातून 'फेअर' शब्द गेला. आपल्या मनातून तो जायला किती वर्षं लागणार? ती ट्यूबवाली बाई आता बरी आहे. वांग थोडा आहेच. ती म्हणते, "राहू दे, पण आता आग तरी होत नाही."

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली क्रीमची डबी घेऊन यायचं. लेकीसुनांचीसुद्धा. आपण मिळून त्यावरचं वाचू. जिला वाचता येत नाही, तिला शेजारची वाचून दाखवेल.