रक्तातील वजाबाकी
(चिंचवड येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना गणित शिकविलेला एक शिक्षक. तरीही आज रक्ततपासणीवर बोलणार आहे, कारण तीतही एक वजाबाकी आहे आणि ती चुकविण्यास पुष्कळदा आपण घरची माणसेच कारण होतो.

आपली मुले भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आहेत. मिथेनॉल हे द्रावक कारखानदारीत नेहमीचे. दिसण्यात ते साध्या दारूहून वेगळे नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते दृष्टीच्या मज्जातंतूचा घात करते.

इस्पितळात रक्तातील सोडियममधून क्लोराइड व बायकार्बोनेट यांची बेरीज वजा करतात. निरोगी माणसात १४० मधून १०४ व २४ गेले की बाकी १२. रोग्याचे क्लोराइड १०० आणि बायकार्बोनेट ८ वर आले, तर बाकी ३२. म्हणजे न मोजलेले एखादे आम्ल रक्तात दडले आहे. कोणते, ते हा आकडा सांगत नाही. अनावर मधुमेहात, मूत्रपिंडे निकामी झाल्यावरही बाकी वाढतेच. उलट, पिऊन दोन-तीनच तास झाले असतील तर आम्ल पुरते बनलेले नसते आणि बाकी सरळ १२ येऊ शकते. सोबत साधी दारू घेतली असेल, तर आणखीच उशीर. अशा वेळी ऑस्मोलॅलिटीच्या तपासणीने माग लागू शकतो. पण ती करावी, हे डॉक्टरांना सुचावयास हवे ना!

आमच्या नात्यातील एका तरुणास उलट्या होऊन धूसर दिसू लागले. डॉक्टरांनी विचारले, "काही घेतले होते काय?" आम्ही उत्तरलो, "छे, आमच्या घरात तसले काही नाही. ऊन लागले असावे." उत्तर देणाऱ्यांत मीही होतो. सायंकाळी त्याच्या मित्राने खरे सांगितले. मग प्रतिविष दिले, डायलिसिस केले. प्राण वाचले. दृष्टी गेली. आता तो मला आवाजावरून ओळखतो.

तेव्हा बाटली सापडली तर ती न धुता बरोबर न्यावी. किती घेतले आणि किती वाजता, हेही सांगावे. ती वेळ केसपेपरवर लिहिलेली असली, म्हणजे १२ हा आकडा पाहून रोग्यास घरी धाडण्यापूर्वी डॉक्टर दुसऱ्यांदा रक्त काढतील.