नव्या कॅमेऱ्याचं वेड
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



संयोजकांनी आम्हाला फोटोग्राफीवर बोलायला सांगितलं. गिरणीची पाळी सांभाळून आम्ही तीस-पस्तीस वर्षं वस्तीतल्या लग्नांचे, जयंतीच्या मिरवणुकांचे फोटो काढले, म्हणून हा मान. पण पोरांना ऐकायचं आहे की कुठला कॅमेरा घ्यावा, आणि नव्या कॅमेऱ्याचं वेड तर आमच्या डोक्यातून कधीच गेलं.

एके काळी ते फार होतं. पहिली पाळी सुटली की कल्याणहून लोकल पकडायची आणि फोर्टात बोराबाजारला जायचं, नुसत्या काचेआडच्या लेन्स बघायला. खिशात परतीचं तिकीट आणि वडापावपुरते पैसे. त्या वेडाला कारणही होतं. हातात साधा हॉट शॉट, रोलमध्ये 36 फोटो. हॉलमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात चेहरे काळे यायचे, फ्लॅश मारला तर नाकं पांढरी. डोळ्याला दिसतं ते कागदावर उतरत नव्हतं. पुढे निकॉनचा डी 90 हाती आला, 2008 सालचा. आयएसओ 3200 वर ठेवला, तर फ्लॅशशिवाय म्हातारीच्या सुरकुत्या मोजता आल्या. त्या रात्री आम्ही जेवायचं विसरलो.

त्यानंतर उड्या लहान झाल्या. निकॉनच्याच 2012 च्या डी 3200 मध्ये 24 मेगापिक्सेल होते, 2024 च्या झेड 6 थ्रीमध्येही 24 च. म्हणजे आडवे 6000 आणि उभे 4000 ठिपके. इंचाला 300 धरले तरी फोटो 20 इंच रुंद छापता येतो. आमच्या अल्बमचं पान 18 इंचाचं!

मागच्या हिवाळ्यात ठाणे खाडीवर रोहित पक्षी बघायला गेलो होतो. 2022 साली रामसर यादीत गेली ती जागा. तिथे डोंबिवलीचा एक तरुण नवा मिररलेस दाखवत होता. उडत्या पक्ष्याचा डोळा धरून ठेवणारा फोकस. सोय खरी आहे, नाकारत नाही. पण लग्नात नवरी काही उडत नाही! हातात घेतला, बघितला, परत दिला. मनात काही हललं नाही. घरी सांगितलं, तर आमच्या मंडळी म्हणाल्या, "बरं झालं, पैसे वाचले." आम्हाला मात्र थोडं रितं वाटलं.

7 डिसेंबर 1956 ला मुंबईत निघालेली बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली. ती हलती चित्रं बघताना आजही घरोघरी डोळे भरतात. त्यांचा कॅमेरा कुठल्या कंपनीचा होता, असं आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही.

हप्त्यावर कॅमेरा घेणाऱ्या पोरांनो, त्यावर पोट चालत असेल तर जरूर घ्या. आमचा जीव हल्ली दुसरीकडे अडकतो. आपल्या दमट हवेत निगेटिव्हना बुरशी लागते, पत्र्याच्या ट्रंकेत फोटो एकमेकांना चिकटतात. वस्तीतली कितीतरी माणसं आता त्या ट्रंकांतच उरली आहेत.

येत्या रविवारपासून सकाळी आम्ही तोच डी 90 स्टँडला लावून विहारात बसणार आहोत. एकेक जुना फोटो उतरवून घेऊ, मूळ फोटो लगेच परत. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, फ्रेमसकट आणा. आणि फोटोतल्या माणसांची नावं सांगणारी आजी घरात असेल, तर तिलाही बरोबर घेऊन या.