पहिलीच्या पालकांशी पहिली भेट

(शाळा उघडण्यापूर्वी भरलेल्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



नवे शैक्षणिक वर्ष आठ-दहा दिवसांवर आले आहे. वर्गखोल्यांची झाडलोट, पटनोंदणी, पुस्तकांचे वाटप, पहिल्या दिवसाची प्रभातफेरी, या सर्वांविषयीची परिपत्रके आपणांस मिळालेली आहेत आणि त्यांप्रमाणे आपण सर्व काही कराल याविषयी मला शंका नाही. मला आज बोलावयाचे आहे ते एका लहानशा गोष्टीविषयी. जून महिन्यात आपण इयत्ता पहिलीच्या पालकांची सभा बोलावतो. त्या सभेत नेमके काय व्हावयास हवे, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. नोकरीस लागल्यावर दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे पहिलीचा वर्ग आला. मोठ्या उत्साहाने मी पालकसभा बोलावली. पंचवीस-तीस माणसे जमली. पाऊण तास मी बोलत होतो. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली इथपासून आरंभ केला. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले तेही सांगितले, आणि पालकांच्या कर्तव्यावर येऊन थांबलो. भाषण चांगले झाले असे मला तरी वाटले. शेवटी रिवाजाप्रमाणे 'कोणास काही विचारावयाचे आहे काय?' असे म्हटले. मागे भिंतीला टेकून बसलेली एक आजी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, समदं खरं हाय. पन पोराला मधीच लघवीला लागली तर त्यानं कुनाला सांगायचं, अन् जायचं कुठं?"

सभेत हशा पिकला. मीही हसलो, आणि 'आजी, ते आम्ही बघू' असे म्हणून सभा संपविली. तिच्या नातवाने तिसऱ्या दिवशी वर्गात चड्डी ओली केली, मुले हसली, आणि चौथ्या दिवसापासून तो मुलगा शाळेत आला नाही. दोनतीनदा घरी गेलो. मला पाहताच तो कणगीमागे दडे. पुढील वर्षी त्यास पुन्हा पहिलीत बसविले, तोवर त्याच्या बरोबरीची मुले दुसरीत गेली होती. त्या सभेत मी सांगितलेल्या गोष्टींतील एकही खोटी नव्हती. पण जी एक गोष्ट विचारली गेली तिचे उत्तर मी दिले नाही.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की पहिलीच्या पालकांची पहिली सभा उपदेशासाठी नसावी. आपल्या पोटचे मूल दिवसाचे पाच तास कोठे बसणार, कोणाजवळ असणार, काय खाणार आणि काय शिकणार, हे त्यांस दाखविण्यासाठी ती असावी. ज्याने शाळेची पायरी कधी चढली नाही अशा पालकास शाळेचे वर्ष म्हणजे काय, याची कल्पना नसते. ज्याने चढली आहे त्याच्या मनात त्याच्या वेळची शाळा असते, आणि त्यात बहुधा छडी असते.

आता सभेच्या वेळेविषयी. आपली सभा सकाळी अकरा वाजता भरते आणि मग 'पालक उदासीन आहेत' असा शेरा आपण लिहितो. मृग नक्षत्र जूनच्या ७ किंवा ८ तारखेस लागते. पाऊस वेळेवर झाला तर शाळा उघडण्याचे दिवस आणि पेरणीचे दिवस एकच असतात. तिफण सोडून कोण येईल? सभा दिवेलागणीनंतर घ्या, आणि शक्यतो दोन ठिकाणी घ्या. मारुतीच्या पारावर सभा ठेवली की सासुरवाशिणी येत नाहीत, आणि काही वस्त्यांवरची माणसे आजही तेथे मोकळेपणाने बसत नाहीत. हे कटू आहे, परंतु खरे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसून आले. मग त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगाव असलेल्या अंगणवाडीचे नाव तेथून आले. वाडी-तांड्यावरच्या आयांसाठी आपण एक संध्याकाळ तिकडे गेलो, तर फार मोठे काही केले असे होणार नाही.

शाळेत सभा भरेल तेव्हा पालकांस खुर्च्यांवर बसवू नका, आणि सरपंचांच्या सत्काराने आरंभही करू नका. मुले जेथे बसतात तेथेच, त्या खोलीत, त्या पट्ट्यांवर आई-वडिलांस बसवा. पाण्याची टाकी दाखवा. स्वच्छतागृह दाखवा, आणि मुलाने जावयाचे असेल तर काय करावे हे सांगा. न विचारता उठून गेले तरी चालेल, असे मी तरी सांगेन. दुपारचे जेवण कोण शिजविते ते त्या बाईंच्याच तोंडून ऐकवा. मग आपण स्वतः समोर उभे राहून दहा मिनिटांचा एक पाठ घ्या. मूठभर चिंचोके प्रत्येकाच्या हाती द्या, अंदाज करावयास सांगा, मग मोजावयास सांगा, मग दहादहाच्या ढिगाऱ्या लावावयास सांगा. ज्या माउलीस अक्षर येत नाही ती हे काम अचूक करते. तिच्या ध्यानात येते की हे आपणांस येते, आणि हेच शाळेत शिकवितात.

या ठिकाणी थोडे थांबतो, कारण माझ्या दृष्टीने येथेच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. 'गुरुजी, आम्ही अडाणी, आम्हांला काय कळतंय' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. या वाक्याने पालक आपली जबाबदारी टाळतो असे आपण समजतो. मला त्यात लाज दिसते. या लाजेला उत्तर द्यावयाचे तर त्यांस करता येईल असे काम सांगावे लागते. भाकरी थापताना आईने मुलास 'किती झाल्या, किती राहिल्या' असे विचारावे. धान्य निवडताना खडे वेगळे, दाणे वेगळे करावयास लावावे. रात्री आजीने गोष्ट सांगावी आणि दुसऱ्या दिवशी ती मुलाकडून ऐकावी. शाळेतून आल्यावर 'आज काय शिकविले?' असे विचारले तर मूल 'काही नाही' म्हणते. त्याऐवजी 'आज कोणाशेजारी बसलास, कशाला हसलास?' असे विचारावे. हे सर्व ज्या बोलीत घरी बोलले जाते त्याच बोलीत व्हावे. आपल्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात. कित्येक आया माझ्याजवळ अपराध्यासारख्या म्हणाल्या आहेत की, 'आमच्या पोराला मराठी नीट येत नाही.' त्यांस सांगा की जे मूल आपल्या बोलीत भरभरून बोलते, त्यास दुसरी भाषा लवकर साधते. मुके बसणाऱ्या मुलाची काळजी आपण अधिक करावी.

आणखी एक विनंती पालकांस अवश्य करा. मूल रडले, जेवले नाही, की घरात 'थांब, गुरुजींना सांगते' असे म्हणतात. सहा वर्षांच्या मुलाने पाहिलेलाही नसतो असा माणूस जूनपूर्वीच त्याचा शत्रू होऊन बसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये मुलास शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, या दोहोंसही मनाई आहे. हे पालकांस स्पष्ट शब्दांत सांगा. काही वडील 'मारा हो गुरुजी, तुमचंच पोर' असे मोठ्या विश्वासाने म्हणतात. त्या विश्वासाचे आभार मानावे आणि परवानगी परत करावी.

वर्षाच्या क्रमाविषयीही बोलले पाहिजे. पुष्कळ पालकांची समजूत अशी की पोळ्यापर्यंत मुळाक्षरे आणि दिवाळीपर्यंत शंभरपर्यंत आकडे झाले नाहीत, तर शाळा काही कामाची नाही. आरंभीचे तीन महिने आपण खेळ, गाणी, गप्पा, चित्रे आणि रेघोट्या यांत घालवितो. २०२१ साली आलेल्या 'विद्याप्रवेश' उपक्रमात या तीन महिन्यांची आखणी आहे. पालकांस मात्र केवळ 'गुरुजी पोरांना खेळवितात' एवढेच दिसते. बोटांत बळ येण्यापूर्वी पेन्सिल वळत नाही, हे त्यांस त्यांच्याच भाषेत सांगता येईल. औताला गोऱ्हा एकदम कोणी जुंपत नाही. आणि एक करा. प्रत्येक मुलाने पहिल्या आठवड्यात काढलेले चित्र तारीख घालून जपून ठेवा, मग गणेशोत्सवानंतर एक, दिवाळीपूर्वी एक. पुढील सभेत ती तीन चित्रे त्याच्या आईच्या हाती द्या. आपणांस काही बोलण्याची गरज उरत नाही.

'इंग्रजी कधी शिकविणार?' हा प्रश्न निश्चित येईल. तालुक्याच्या गावाहून पिवळी गाडी आपल्या गावात येते आणि आपल्या पटावरची मुले घेऊन जाते. त्या पालकांवर रागावून उपयोग नाही. आपल्या मुलाचे बरे व्हावे म्हणूनच ते पदरमोड करतात. आपल्या मराठी शाळांतही इयत्ता पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे, हे कित्येकांस अद्याप ठाऊक नाही. तेवढे सांगावे, वर्गात ते प्रामाणिकपणे शिकवावे, आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. आपल्यापैकी ज्यांची स्वतःची मुले त्या गाडीतून जातात, त्यांनी या विषयावर फार जोराने बोलू नये, एवढेच सुचवितो.

आता बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील शाळांसाठी थोडे स्वतंत्र. तेथील पालकांपैकी कित्येक जण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून मुलाजवळ राहावयास दोघांपैकी कोणीच उरत नाही. पहिलीतल्या मुलाचे निम्मे वर्ष असे फडावर जाते. आपण त्यांस समजवावयास जातो ते बैलगाड्या किंवा ट्रॅक्टर भरू लागल्यावर. त्या वेळी आपले म्हणणे पटूनही त्यांस थांबता येत नाही, कारण मुकादमाकडून उचल त्याआधीच घेतलेली असते आणि ती खर्चही झालेली असते. म्हणून हे बोलणे जूनमध्येच व्हावयास हवे. भर सभेत हात वर करावयास लावू नका. एकेका घरी जाऊन विचारा. मुलास सांभाळावयास आजी आहे काय? नसल्यास चुलती आहे काय? हंगामी वसतिगृहाची मागणी करावयाची, तर गावात किती मुले मागे राहू शकतील हा आकडा आधी हाती हवा. मूल बरोबर जाणारच असेल, तर शिक्षण हमी पत्रक त्याच्या आईच्या पिशवीत पडेल आणि ते कोणत्या शाळेत दाखवावयाचे हे तिला कळेल, इतकी तजवीज आपण करू शकतो. एखाद्या मुलाचेही वर्ष वाचले तर जूनमधल्या फेऱ्या वसूल झाल्या असे मी समजेन.

उपस्थितीचा हिशेबही साध्या रीतीने मांडता येतो. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ष किमान २०० दिवसांचे. आठवडी बाजारास म्हणून दर आठवड्यास एकच दिवस मूल घरी राहिले, तरी तीसहून अधिक दिवस जातात. म्हणजे एक महिन्याहून अधिक शाळा. हा हिशेब चिंचोके मांडूनच दाखवावा.

पालकांच्या सभा घेणे हे आपल्यावर कोणी उपकार म्हणून सोपविलेले काम नाही. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत ते स्पष्ट घातलेले आहे: सभा नियमित घ्याव्या, आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती पालकांस सांगावी. अर्थात् सभा कशी घ्यावी, हे कलमात लिहिता येत नाही.

आपल्या शाळांना मी जुलैमध्ये भेट देणार आहे. सभेची छायाचित्रे आपण पाठविता ती मी पाहतो, परंतु त्या वेळी मी ती मागणार नाही. सभेत पालकांनी विचारलेले प्रश्न, जसे विचारले तसे, त्यांच्याच शब्दांत एका वहीत लिहून ठेवा. ती वही मी बसून वाचीन. आणि स्वच्छतागृहाची किल्ली शाळेच्या वेळात कोठे असते, तेही मी पहिलीतल्याच एखाद्या मुलास विचारीन.