धर्मग्रामाचा दानधर्म आणि शेजारच्या सेवासंस्था



ज्युबिलीच्या दिवशीं व्यासपीठावर उभें राहणारानें गतकाळाचें गुणगान करावें, असा प्रघात आहे. तें गुणगान आपण सकाळपासून ऐकत आहां, आणि तें अस्थानीं झालें असें कोणी म्हणणार नाहीं. आमच्या वांट्यास आलेला विषय मात्र थोडा अडचणीचा आहे, कारण तो पैशाचा आहे. आपल्या चर्चच्या पेटींत जें पडतें, त्यांतून आवाराच्या भिंतीबाहेर किती जावें, कोणाकडे जावें व कोणत्या रीतीनें जावें, ह्याविषयीं बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे.

आरंभींच एक गोष्ट मोकळेपणानें बोलतों. मराठवाड्यांतील आपली ख्रिस्तसभा ही मूळची घेणारांची सभा आहे. एकोणिसावें शतक सरतां सरतां फ्रेंच धर्मगुरु फादर गुरियन जाकिये ह्यांनीं घोगरगांवीं मिशनचें ठाणें मांडलें, तेव्हां त्यांच्याभोंवतीं जमलेले आपले पणजे-खापरपणजे हे बहुतेक गांवकुसाबाहेरचे, बिनजमिनीचे, एक वेळ जेवून दुसऱ्या वेळची चिंता करणारे लोक होते. पुढें शाळा आली, औषध आलें, दुष्काळांत धान्य आलें; आणि तें पुष्कळसें अशा लोकांच्या खिशांतून आलें, ज्यांनीं आपलें तोंड कधीं पाहिलें नव्हतें. जर्मनींतील बिशपांनीं १९५८ सालीं 'मिझेरिओर' ही संस्था काढली. उपवासकाळांत ताटांतला घांस कमी करून वांचविलेला पैसा जगांतील भुकेल्यांस पाठवावयाचा, हा तिचा विचार. त्या पैशाचा वांटा आपल्या देशांतहि पोहोंचला. तीं नाणीं टाकणाऱ्या म्हाताऱ्या बायांनीं 'मराठवाडा' हा शब्द कधीं ऐकला तरी असेल काय?

घेतल्याची लाज नको. परंतु 'पोटासाठीं झालेले ख्रिस्ती' हा टोमणा आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांनीं ऐकला आहे, आणि तो अगदींच बंद पडला आहे असेंहि नाहीं. त्यास तोंडी उत्तर देण्यांत आम्हांस फारसा अर्थ वाटत नाहीं. ज्या सभेनें तीन-चार पिढ्या घेतलें, ती आज आपल्या शेजाऱ्यास काय देते, व देतांना त्याच्याकडून काय मागते, हें पाहूनच शेजारी आपलें मत बनविणार.

द्यावें कसें, हें शिकावयास छत्रपती संभाजीनगरांतील माणसास लांब जावें लागत नाहीं. पाहुणे आले कीं आपण त्यांस पाणचक्कीवर नेतों, हौद दाखवितों, मासे दाखवितों. ती चक्की कोणासाठीं फिरत होती हें मात्र क्वचितच सांगतों. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतल्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून अठराव्या शतकांत ती चालू केली, आणि बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्यांत उतरणाऱ्या फकिरांस, यात्रेकरूंस व गोरगरिबांस तेथलें पीठ मिळावें, अशी ती योजना होती. मूठभर पीठ वांटणें निराळें आणि चक्की बांधून ठेवणें निराळें. बांधणारे गेले, तरी चक्की दळत राहिली. इकडे दक्षिणेस पैठण. पितरांसाठीं रांधलेलें अन्न एकनाथांनीं गांवकुसाबाहेरच्या भुकेल्यांस वाढलें, ही कथा आपल्या घरांतील मुलांसहि ठाऊक आहे. 'आधीं आमच्या पंथांत या, मग पानावर बसा,' असें नाथ त्यांस म्हणाल्याचें आम्हीं कोणत्याहि कथेंत ऐकलेलें नाहीं.

आपल्या धर्माच्या इतिहासांत ह्याच गोष्टीची साक्ष एका वैऱ्यानें देऊन ठेविली आहे. रोमचा बादशहा ज्युलियन हा ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या दैवतांकडे वळलेला. सुमारें ३६२ सालीं एका पुरोहितास लिहिलेल्या पत्रांत त्यानें तक्रार केली, ती अशी कीं, हे गालीलकर आपल्या गरिबांस पोसतातच, परंतु आमच्याहि गरिबांस पोसतात, आणि त्यामुळें आमची मान खालीं होते. ज्युबिलीच्या कोणत्याहि मानपत्राहून हें प्रशस्तिपत्र आम्हांस मोलाचें वाटतें.

आतां आक्षेप येईल, व तो सभ्यपणानें मनांत न ठेवतां कोणीतरी उघड बोलावा अशी आमची इच्छा आहे. आपल्याच धर्मग्रामांत फी भरूं न शकणारीं मुलें आहेत, औषधावांचून दिवस काढणारीं म्हातारीं माणसें आहेत; मग पेटींतला पैसा बाहेर कशास? आक्षेप हलका नाहीं. संत पौलानेंहि गलतीकरांस सर्वांचें भलें करण्यास सांगतांना विश्वासाच्या घरच्या माणसांचा वेगळा उल्लेख केला आहे. परंतु त्याच पौलानें यरुशलेमच्या गरजूंसाठीं वर्गणी जमविली ती कोणाकडून? मासेदोनियांतील मंडळ्यांकडून, ज्या स्वतः हलाखींत होत्या. 'आमचें भागून उरेल तें देऊं,' असें त्या म्हणाल्या असत्या, तर यरुशलेमास कांहींच पोहोंचलें नसतें. शिवाय आपला गरीब आणि बाहेरचा गरीब हे आपण समजतों तितके वेगळे राहतात कोठें? आजाऱ्यास घेऊन खेड्यांतून घाटी रुग्णालयांत यावें आणि सोबतच्या नातलगांनीं ओट्यावर रात्र काढावी, हें मराठवाड्यांतील सर्वांच्याच कपाळीं आहे. त्यांत आपलींहि माणसें असतात. त्यांस भाकरी देणारी मंडळी तीं माणसें वेगळ्या रांगेंत बसवीत नाहीं.

दुसरें कारण व्यवहाराचें आहे. परदेशी वर्गणीविषयींचा कायदा १९७६ सालीं आला, २०१० सालीं नव्यानें झाला, आणि २०२० सालच्या दुरुस्तीनें एका संस्थेस मिळालेलें परदेशी द्रव्य दुसऱ्या संस्थेस देण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थेनें बाहेरून आणावें व तालुक्याच्या गांवीं काम करणाऱ्या लहान संस्थेस वांटावें, ही जुनी वाट त्यामुळें बुजली. कायद्याची चिकित्सा करण्याचें हें स्थळ नव्हे. लहान संस्थेस आतां गांवचाच रुपया हवा, एवढें ध्यानांत घ्यावें.

हा रुपया कोठें लागतो, ह्याचें एकच उदाहरण देतों. दसरा-दिवाळी झाली कीं बीड-जालन्याकडून व आपल्या जिल्ह्यांतूनहि जोडपींच्या जोडपीं ऊसतोडीस निघतात. आईबाप फडावर असतां मूल शाळेंत टिकवावयाचें, तर पांच-सहा महिने त्यास दोन वेळचें जेवण व निजावयास जागा लागते. नाहीं तर तें मूल कोप्यांवर धाकटें भावंड सांभाळीत बसतें. ज्या संस्था अशीं हंगामी वसतिगृहें चालवितात, त्यांस नाताळांत एक दिवस मिठाई नेऊन देणें गोड आहे, परंतु त्यांची गरज फेब्रुवारींत डाळ-तांदूळ संपतांना असते. म्हणून आमचा आग्रह ठराविक, दरमहा पोहोंचणाऱ्या रकमेचा आहे, मग ती कितीहि लहान असो. संकट आलें म्हणजे देऊं, असें म्हणून भागत नाहीं. ८ मे २०२० रोजीं पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर दमून निजलेले सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. टाळेबंदींत जालन्याहून ते पायीं निघाले होते, व भुसावळच्या बाजूनें मध्यप्रदेशांतील आपल्या गांवीं जावयाचें म्हणून चालत होते. अशा घडीला नवी समिति नेमून उपयोग होत नाहीं. रस्त्यावर आधींपासून उभी असलेली माणसेंच कामास येतात, आणि तीं उभीं राहावींत म्हणून चांगल्या दिवसांतच त्यांस हातभार लागावा लागतो.

आतां रीतीविषयीं. आपल्या धर्मप्रांताचें मुख्य मंदिर ज्यांच्या नांवानें आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांनीं १६१० सालीं आनसी येथें भगिनींचा संघ स्थापिला, तो आजाऱ्यांच्या व गरिबांच्या घरीं भेटीस जावें ह्याहि हेतूनें. परंतु त्या काळच्या मताप्रमाणें त्या भगिनींस पुढें मठाच्या भिंतींआड राहावें लागलें. तें काम संत व्हिन्सेंट द पॉल ह्यांनीं १६३३ सालीं पॅरिसमध्यें दुसऱ्या भगिनींकरवीं तडीस नेलें. त्यांच्याच संघांतल्या सिस्टर रोझाली ह्यांनीं बरोबर दोनशें वर्षांनीं फ्रेडरिक ओझानाम ह्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यास व त्याच्या सोबत्यांस गरिबांचीं दारें दाखविलीं. त्यांतून निघालेली व्हिन्सेंट द पॉल सोसायटी १८६३ सालीं पुण्यास आली. तिची एक चाल आम्हांस फार आवडते. सभेच्या शेवटीं एक पिशवी फिरते; प्रत्येकजण मूठ आंत घालतो व रिकामी बाहेर काढतो. कोणीं किती टाकलें हें कोणास कळत नाहीं, आणि ज्यास देण्यास कांहीं नाहीं त्याचीहि मूठ आंत जाऊन येते. दुसरी चाल अशी कीं, मदत दोघांनीं मिळून घरीं जाऊन द्यावयाची. संस्थेच्या बाबतींतहि आपण तेंच करावें. धनादेश टपालानें न पाठवितां दोघांनीं जावें, तेथल्या मुलांजवळ किंवा म्हाताऱ्यांजवळ तासभर बसावें, आणि परत येऊन काय पाहिलें तें सांगावें. छायाचित्र नको व नांवाची पाटीहि नको.

घेणाराचा मान राखण्याचा धडा शेजारच्या नगर जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांत, गिरविला गेला आहे. स्वित्झर्लंडहून १९४८ सालीं आलेले येशूसंघीय धर्मगुरु फादर हर्मन बाखर हे २०२१ सालीं परलोकवासी झाले. दर दुष्काळास भाकरीनें झांकतां येत नाहीं, हें ओळखून ते पाण्याकडे वळले. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणून व बांध घालून पाऊस जिरवावयाचा, हें काम त्यांनीं गांवोगांव उभें केलें, आणि त्यासाठीं १९९३ सालीं क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह 'वॉटर' ही संस्था स्थापिली. बाहेरून पैसा येई, पण अटी असत: गांवानें श्रमदान करावें, मोकाट चराई बंद करावी, झाडांवर कुऱ्हाड घालूं नये. गांवचा धर्म कोणता, ही अट नव्हती. ज्यानें स्वतः घाम गाळला तो पाणी आल्यावर कोणाचा मिंधा राहत नाहीं.

हिशेबाविषयीं थोडक्यांत. ज्या संस्थेस द्यावयाचें तिची नोंदणी, तपासलेले जमाखर्च व पावती हीं पाहावींत. त्यांत अविश्वास नाहीं. पौलानें ती यरुशलेमची वर्गणी एकट्यानें नेली नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें सोबत घेतलीं, एवढ्यासाठीं कीं मोठ्या रकमेच्या बाबतींत कोणास बोट ठेवावयास जागा राहूं नये. जो नियम प्रेषितास जड झाला नाहीं, तो आपल्या कारभारी मंडळासहि जड होऊं नये.

ज्युबिलीच्या खर्चाच्या कागदावर मंडप, रंगकाम, रोषणाई, भोजन व ही पुस्तिका, अशीं कलमें लिहून झालीं आहेत. त्या कलमांच्या वर एक ओळ मोकळी सोडून तींत जमलेल्या निधीचा दशांश लिहावा, आणि पुढें दरमहाच्या पेटीलाहि तोच नियम लागू करावा, अशी आमची विनंति आहे. तो दशांश कोणास द्यावयाचा, हें आम्हीं ठरवून आणलेलें नाहीं. येत्या रविवारीं मिस्सेनंतर सभागृहांत बसूं. ज्यांनीं एखाद्या संस्थेचें काम स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे त्यांनीं तिचें नांव चिठ्ठीवर लिहून आणावें, मग ती संस्था कोणाचीहि असो. पिशवी आम्ही आणूं.