सैनिकाचे नाव आणि गावाचे कर्तव्य

(शेंद्रा परिसरातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



जालना रस्त्यावरील शेंद्रा म्हटले की आज औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते. जेथे ज्वारी-बाजरी उभी असे, तेथे कारखाने उभे राहिले. जमिनीचे संपादन होताना मोबदला कोणाचा, हे सातबाऱ्यावरील नावावरून ठरते. त्यामुळे कागदावरील एका अक्षराची किंमत काय असते, हे या परिसराला वेगळे सांगावयास नको. परंतु सातबारा तहसील कचेरीत पाहता येतो. ज्याच्या नावाची नोंद शेकडो मैल दूरच्या लष्करी दप्तरात पडून आहे, त्या माजी सैनिकाने काय करावे? आजचा विषय हाच आहे.

चूक कोठून येते?

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सरकारी दप्तर उर्दूत असे. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. वाचणाऱ्याने ते समजून घ्यावयाचे असतात. पुढे मुलगा सैन्यात भरती झाला की तेच नाव रोमन लिपीत गेले. त्या लिपीत त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ यांना वेगळी अक्षरे नाहीत. काळे यांचे काले होतात, दाणे यांचे दाने होतात. रोमनमधून नाव पुन्हा देवनागरीत आणले की चूक पक्की होते.

हे थोरामोठ्यांच्या बाबतीतही घडले आहे. इटलीतील सेनियो नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी गाजवलेल्या पराक्रमाबद्दल मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजी लिखाणात त्यांचे आडनाव एकाहून अधिक प्रकारे लिहिलेले आढळते. शौर्य एकच, माणूस एकच, नावाची अक्षरे मात्र निराळी.

दुसरे कारण आपल्या रीतिरिवाजात आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही आपली पद्धत. भरतीच्या कागदावर कधी आडनाव राहून जाते, कधी वडिलांचे नावच आडनाव होऊन बसते. घरचे ‘बापू’ किंवा ‘नाना’ हे हाकेचे नावही नोंदीत शिरते. पत्नीचा प्रश्न तर अधिक बिकट. लग्नात तिचे नाव बदलले जाते. सैनिक एक नाव सांगतो, तिच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा आधारपत्रावर दुसरेच असते.

चूक झोपलेली असते

सैनिक हयात असेपर्यंत या चुकीचा त्रास सहसा जाणवत नाही, कारण सेनादलात तो सेवाक्रमांकावरून ओळखला जातो आणि निवृत्तिवेतन दरमहा जमा होते. अडचण उभी राहते ती त्याच्या मृत्यूनंतर. असे धरा की निवृत्तिवेतन आदेशात, म्हणजे पी. पी. ओ.मध्ये, पत्नीचे नाव कौसल्या आहे आणि आधारपत्रावर शांताबाई. बऱ्याच जुन्या आदेशांत तर पत्नीचे नावच नसते. मग ज्या बाईने उभा जन्म त्या घरात काढला, तिला आपण त्याच सैनिकाची पत्नी आहोत हे सिद्ध करावे लागते. कुटुंब निवृत्तिवेतन अडते आणि साक्ष देणारा मुख्य माणूस हयात नसतो. १९७१ च्या युद्धात लढलेले सैनिक आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. म्हणून नावाची दुरुस्ती सैनिकाच्या हयातीतच झाली पाहिजे.

दुरुस्तीची वाट

प्रथम डिस्चार्ज बुक, पी. पी. ओ., आधारपत्र, पॅन कार्ड आणि बँकेचे पासबुक हे पाच कागद समोर ठेवावेत आणि प्रत्येकावरील नाव अक्षर अक्षर जुळवून पाहावे. सैनिकाचे आणि पत्नीचेही. सेनादलातील नोंद बरोबर असेल, तर तिला हात न लावता आधारपत्र दुरुस्त करून घ्यावे. मात्र आधारवरील नाव सामान्यतः आयुष्यात दोनदाच बदलता येते, हे ध्यानात ठेवून अर्ज विचारपूर्वक भरावा.

सेनादलातील नोंदच चुकली असेल, तर अर्ज संबंधित अभिलेख कार्यालयाकडे जातो. जवान व कनिष्ठ आयुक्त अधिकारी यांच्या नोंदी त्यांच्या रेजिमेंटच्या वा कोअरच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावात, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीत, तोफखान्याचे नाशिक रोड येथे. वृद्ध सैनिकाने तेथवर खेटे घालण्याचे कारण नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठविता येतो आणि तेच सोयीचे.

केवळ स्पेलिंगचा फरक असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरेसे ठरते. नावच वेगळे असेल, तर दंडाधिकाऱ्यांसमोर केलेले प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रांतील जाहिरात आणि मागणी झाल्यास शासन राजपत्रातील प्रसिद्धी लागते. अभिलेख कार्यालयाने बदल मान्य केल्यावर निवृत्तिवेतनाच्या आदेशाचे शुद्धिपत्र निघते. ते निघाले की नाही, हे पाहिल्याखेरीज काम पूर्ण झाले असे समजू नये. हल्ली निवृत्तिवेतनाचा कारभार ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून चालतो. तेथील नावही तपासावे. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. नावाच्या अर्जात जन्मतारखेचा विषय मिसळू नये; तिचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत.

जुन्या कागदांवर जिल्हा ‘औरंगाबाद’ असा आहे, म्हणून काहीजण धास्तावतात. जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले ते २०२३ मध्ये. त्यापूर्वीच्या कागदावर जुने नाव असणे ही चूक नव्हे. जिल्ह्याचे नाव शासनाच्या अधिसूचनेने बदलते. माणसाला मात्र आपल्या नावासाठी स्वतःच अर्ज करावा लागतो.

गावाने काय करावे?

प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांची यादी ठेवावी. माजी सैनिकांना घरपट्टीत माफी देण्याचा निर्णय राज्यात २०२० मध्ये झाला. त्या निमित्ताने त्यांचे कागद पंचायतीसमोर येतातच. त्याच वेळी पाच कागद जुळवून पाहण्यास फार तर अर्धा तास लागेल. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांना शाळेतील शिक्षकांनी तो लिहून द्यावा.

शिक्षकांची जबाबदारी आणखी एक आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव पुढे सनदेवर, भरतीच्या कागदावर आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशावर जाते. मूल शाळेत येते तेव्हा आई-वडिलांना विचारून, जन्मदाखला पाहून, मराठी व इंग्रजी दोन्ही अक्षरांत नाव नीट लिहिणे हीसुद्धा सैनिकाची सेवाच आहे.

माणसाच्या नावाची अखेरची नोंदही गावातच होते. सैनिक वारला की मृत्युनोंद ग्रामपंचायतीत होते. लिहिणाऱ्याने तेव्हा शेजाऱ्याने सांगितलेले हाकेचे नाव लिहू नये, पी. पी. ओ. मागवून त्यावरील नाव पाहावे आणि मग लेखणी चालवावी. सैनिकाने सीमेवर आपले काम चोख केले. त्याचे नाव चोख लिहिणे एवढे काम गावाकडे उरते. ते झाले, तर त्याच्या मागे राहिलेल्या बाईला आपली ओळख पटविण्यासाठी कोणाच्या दारी उभे राहावे लागणार नाही.